पोटाची चरबी काढायची आहे, पण घरी कळू द्यायचं नाही

प्रश्न : मी ३९ वर्षांची. तासगाव तालुक्यात राहते. दोन्ही बाळंतपणं सिझरची. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७४ किलो. चालणं, डाएट सगळं करून झालं, पोट काही आत जात नाही. वैशाखात, म्हणजे अजून सहा आठवड्यांनी, पुतण्याचं लग्न आहे. पुण्यातल्या एका सेंटरमध्ये लायपोसक्शनची चौकशी केली. पोट, कंबर, मांड्या आणि दंड असं सगळं एकाच दिवशी करू, आठ-नऊ लिटर निघेल, सकाळी या आणि संध्याकाळी घरी जा, असं तिथल्या मॅडम म्हणाल्या. त्या तारखेला पाळी येणार म्हणून ती पुढे ढकलायच्या गोळ्याही सांगितल्या. दहा हजार ॲडव्हान्स भरलाय. मिस्टर म्हणतात, तुझी मर्जी. सासूबाईंना आणि जावेला कळू द्यायचं नाही, म्हणून पुण्याला बहिणीकडे जाऊन येते असं सांगून त्याच रात्री गाडीनं परतायचा विचार आहे. आता भीती वाटतेय. आधी आणि नंतर काय काळजी घेऊ? — एक वाचक

ताई, तुमच्या पत्रातल्या सगळ्या गोष्टींपैकी मला सर्वांत जास्त धास्ती त्या रात्रीच्या गाडीची वाटली.

पोट कमी व्हावं असं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘या वयात कशाला हवंय’ असलं मी तुम्हाला म्हणणार नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. सांगली-मिरजेच्या ऑपरेशन थिएटरांत पेशंटच्या उशाशी उभी असते. सर्जनचं लक्ष चरबीवर असतं तेव्हा माझं श्वासावर, नाडीवर आणि लघवीच्या पिशवीवर असतं. त्या जागेवरून जे दिसतं तेच सांगते.

लायपोसक्शनबद्दल अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांकडून माहिती मागवून केलेली एक मोठी पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. सुमारे ४ लाख ९६ हजार ऑपरेशनांमागे ९५ मृत्यू, म्हणजे साधारण पाच हजारांत एक. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकल्यामुळे झालेला होता. आणि बरेच मृत्यू टेबलावर झालेच नव्हते, पेशंट घरी गेल्यावर पहिल्याच रात्री झाले होते. या आकड्यांनी तिकडे खळबळ उडाली, नियम कडक झाले आणि पुढे प्रमाण खूप खाली आलं. पण कशामुळे खाली आलं ते बघा. एका वेळी किती चरबी काढायची याला मर्यादा आली, मोठी ऑपरेशनं एकत्र करणं कमी झालं आणि पेशंटला रात्रभर नजरेखाली ठेवायला सुरुवात झाली. तुम्हाला सांगितलेल्या पॅकेजमध्ये नेमक्या याच तीन गोष्टी मोडल्या आहेत.

आधी औषधाचं बघू. चरबी ओढण्यापूर्वी त्वचेखाली सलाइनमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध आणि थोडं ॲड्रिनॅलिन मिसळून ते पाणी भरतात. कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तिच्यामुळे रक्तस्राव खूप कमी झाला, ही मोठीच सोय झाली. ॲड्रिनॅलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे लिग्नोकेन रक्तात सावकाश उतरतं. पण सावकाश उतरतं म्हणजे उशिरा उतरतं. त्याची रक्तातली पातळी सर्वांत वर जाते ती साधारण दहा-बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा. सकाळी अकराला ते पाणी भरलं तर रात्री नऊ-दहाच्या पुढचा वेळ सगळ्यात नाजूक. तेव्हा तुमची गाडी कराडच्या आसपास असेल. ओठांना आणि जिभेला मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात गुणगुण, जीभ जड होणं, भलतीच गुंगी, आणि प्रमाण जास्त झालं असेल तर झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणं, अशा पायऱ्यांनी हे विष चढतं. अंधारात मागच्या सीटवर तुम्ही गुंगीत असाल, तर शेजारच्याला वाटेल दमून झोपल्या आहेत.

लिग्नोकेनची जुनी आणि जपून वापरायची मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम. अनुभवी हातात त्वचातज्ज्ञ ५५ पर्यंत जातात, त्यापुढे नाही. तुमच्या ७४ किलोला ३५ च्या हिशेबानं झाले साधारण २,६०० मिलिग्रॅम. एक लिटर पाण्यात हे औषध सहसा ५०० ते १,००० मिलिग्रॅम असतं, आणि जेवढी चरबी काढायची निदान तेवढं तरी पाणी आधी भरावं लागतं. आठ-नऊ लिटरचा गुणाकार तुम्हीच करून बघा. कमीत कमी धरलं तरी चार हजारांपर्यंत जातो. पूर्ण भूल देऊन लिग्नोकेन कमी ठेवता येतं हे खरं, पण मग दुसरा प्रश्न समोर येतो. भरलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी नळीतून परत निघतच नाही, काही तासांत ते शरीरात शोषलं जातं. वर हाताला सलाइन चालू असेल आणि कुणी हिशेब ठेवला नसेल, तर ते फुप्फुसात साचतं. उलट खूप चरबी ओढून पुरेसं द्रव दिलं नाही तर रक्तदाब कोसळतो. दोन्हींमधला तोल मी आणि माझ्यासारखे लोक लघवी मोजून सांभाळतो. सहा वाजता घरी पाठवलेल्या बाईची लघवी कोण मोजणार? म्हणूनच जगभर पाच लिटर हा आकडा धरतात. चरबी आणि पाणी मिळून पाच लिटरपेक्षा जास्त निघणार असेल, तर रात्रभर इस्पितळात राहायचं. माझ्या मते तुम्ही कमी निघालं तरी एक रात्र राहा.

आता त्या गोळ्या. कृपा करून घेऊ नका. आपल्याकडे गौरी-गणपती, नवरात्र, वारी, लग्न असं काहीही निमित्त काढून बायका मेडिकलमधून या गोळ्या आणतात आणि त्यांना औषध समजतच नाहीत. त्या हार्मोनच्या गोळ्या आहेत आणि त्यांनी रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढू शकते. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर त्याही सर्जनला सांगा, त्या बहुधा चार आठवडे आधी बंद करायला सांगतील. पाळी आली म्हणून लायपोसक्शन अडत नाही, फार तर तारीख बदलते. मोठं ऑपरेशन, जास्त वजन, हार्मोनची गोळी आणि लगेच पाच तास पाय दुमडून प्रवास, हे सगळं एका दिवसात आणलं तर गुठळीला आपणच आवतण दिल्यासारखं होतं. तुमच्याकडे कुणाच्या पायात कधी गुठळी झाली असेल, वारंवार गर्भपात झाले असतील, तर तेही सांगायचं. ऑपरेशन चालू असताना पोटऱ्यांना हवेनं दाब देणारे पट्टे बांधतात, ते बांधणार का विचारा. रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन लागेल का, हे तुमचा धोका मोजून डॉक्टरच ठरवतील. तुमच्या हातात आहे ते म्हणजे त्याच संध्याकाळी आधार घेऊन चालणं, पडल्या पडल्या घोटे हलवत राहणं आणि पाणी पिणं.

मला आणखी एक गोष्ट खटकली. पत्रात पोटाची सोनोग्राफी झाल्याचा उल्लेख कुठेच नाही. दोन सिझर झालेल्या पोटात आतली आवरणं चिकटलेली असू शकतात, आणि बेंबीपाशी किंवा टाक्यांच्या जागी छोटासा हर्निया असेल तर तो बाहेरून कळतही नाही. लायपोसक्शनची नळी बोथट असते, पण ती चरबीतून अंदाजानं पुढे सरकवावी लागते. हर्नियात आतडं असेल तर त्याला भोक पडू शकतं. असं झालं तर पहिल्या दिवशी काही समजत नाही, पोट दुखतं आणि सगळे म्हणतात ऑपरेशनचं दुखणं आहे, दुखणारच. खरं दुखणं रोज थोडं उतरतं. जे चढत जातं, पोट फुगवतं, उलट्या आणि ताप आणतं, ते दुखणं दुसऱ्याच कशाचं तरी असतं. तेव्हा वेदनाशामक घेऊन झोपायचं नाही.

सोनोग्राफीच्या निमित्तानं दुसरंही एक कळेल. दोन सिझरनंतर पुढे आलेलं पोट पुष्कळदा चरबीचं नसतंच. पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकलेले असतात आणि वरची कातडी सैल झालेली असते. लायपोसक्शननं यातलं काहीच दुरुस्त होत नाही, उलट सैल कातडी जास्त लोंबते. आतड्यांभोवतीची चरबीही नळीला लागत नाही. कातडी कापून पोट आवळायचं ऑपरेशन वेगळं असतं, जास्त मोठं असतं आणि त्यात गुठळीचा धोकाही जास्त. आणि लायपोसक्शन हा वजन कमी करायचा उपाय मुळीच नाही. तुमचं वजन उंचीच्या मानानं वरच्या टोकाला आहे, तेव्हा आधी पाच-सहा किलो उतरवलं तर पुढचा सगळा धोका कमी होईल. सेंटरच्या मॅडमनी पोटाला हात लावून, उभं करून, झोपवून तपासलं का? तसं तपासणं मॅडमचं काम नव्हतंच म्हणा, त्या डॉक्टर होत्या का हेही तुम्ही लिहिलेलं नाही.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. लोक रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या सांगतात, पण गजकर्णाची कॅप्सूल सांगत नाहीत. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे घरोघरी गजकर्ण झालंय आणि इट्राकोनाझोल महिनोन्‌महिने खाल्लं जातंय. ते लिव्हरमधलं तेच काम मंदावतं ज्यानं लिग्नोकेन शरीराबाहेर जातं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक, नैराश्यावरच्या काही गोळ्या, धडधड किंवा अर्धशिशीसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल, यांचंही तसंच. ॲस्पिरिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या आणि कुणीतरी दिलेलं वजन उतरवायचं चूर्ण यांनी रक्त जास्त वाहू शकतं. मनानं काही बंद करू नका, फक्त दाखवा आणि विचारा. तंबाखू, मिश्री असेल तर ती मात्र महिनाभर आधी बंदच. मिश्री बायका सांगत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं. हिमोग्लोबिन बघून घ्या. आपल्या बायकांचं नऊ-दहा असतं आणि त्या तशाच राबत असतात. बारापर्यंत आल्याशिवाय स्वतःच्या हौसेच्या ऑपरेशनला टेबलावर चढू नये, असं माझं मत आहे.

सर्जन कोण हे नाव विचारून घ्या. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. त्वचारोगतज्ज्ञही या पद्धतीचं रीतसर शिक्षण घेऊन थोड्या भागाचं काम करतात, ते ठीक आहे. पण दोन दिवसांच्या वर्कशॉपवर किंवा यूट्यूबवर बघून सौंदर्य शस्त्रक्रिया करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगालाही २०२२ साली बजावून सांगावं लागलं, यावरून काय चाललंय ते समजा. त्याच वर्षी मे महिन्यात बेंगळुरूत एका २१ वर्षांच्या अभिनेत्रीचा चरबी काढायच्या ऑपरेशननंतर मृत्यू झाला, तेव्हा चार दिवस टीव्हीवर चर्चा झाली आणि मग थांबली. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असणार का, की इंजेक्शन देऊन निघून जाणार? अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, नसेल तर पेशंट कुठे हलवतात? लिग्नोकेनच्या विषबाधेवर शिरेतून द्यायचं २० टक्क्यांचं चरबीयुक्त सलाइन असतं, ते थिएटरमध्ये ठेवलेलं आहे का? या प्रश्नांवर जे चिडतील त्यांच्याकडे ऑपरेशन करून घेऊ नका. आणि पार्लरमध्ये ‘फॅट कटर’ इंजेक्शन देतात त्याच्या वाटेला तर जाऊच नका.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, घरातले ताण तुम्हाला ठाऊक. पण ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस कुणालाच माहीत नसताना काढता येत नाहीत. तुमच्याजवळ दिवसरात्र एक मोठं माणूस हवं, आणि काय झालंय, कशाकडे बघायचं, कुणाला फोन करायचा हे त्याला माहीत हवं. गुपित ठेवलेल्या पेशंटचं काय होतं सांगू? धाप लागली तरी ती म्हणते ॲसिडिटी आहे. पाय सुजला तर साडीखाली झाकते. तिसऱ्या दिवशी पाण्याचा हंडा उचलते कारण न उचलण्याचं कारण सांगता येत नाही. आणि शेवटी गावातल्या डॉक्टरांकडे नेतात तेव्हा त्यांनाही खरं सांगत नाही, मग ते बिचारे छातीची पट्टी काढून ताप-खोकल्याचं औषध देतात. ‘तुझी मर्जी’ म्हणणाऱ्या मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. मर्जी तुमची, पण रजा त्यांना काढावी लागेल, चार दिवसांची. सासूबाईंना ‘पोटाचं छोटं ऑपरेशन आहे, वजन उचलायचं नाही’ एवढं सांगितलं तरी ते खोटं होत नाही. कदाचित त्याच पदर खोचून स्वयंपाकघर सांभाळतील, सासवांबद्दल आपण जरा जास्तच गृहीत धरतो.

मिस्टरांसाठी सांगते. पहिले एक-दोन दिवस नळी घातलेल्या भोकांमधून गुलाबी पाणी येतं, गादी भिजते, ते ठीक आहे. अंग काळंनिळं होतं, सूज येते, तेही ठीक. पण श्वास लागला, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडली, एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. पहिल्या तीन दिवसांत माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागलं, धाप लागली आणि छातीवर, काखेत बारीक लाल ठिपके उठले, तर चरबीचे कण रक्तातून फुप्फुसात आणि मेंदूत गेलेले असू शकतात. दिसतं त्याच्या मानानं दुखणं फार जास्त, ताप, कातडी जांभळी, फोड आणि घाण वासाचं पाणी, हा जंतुसंसर्ग तासातासानं पसरतो, त्याला सकाळपर्यंत थांबवू नका. दिवसभरात लघवीच झाली नाही हेही सांगायचं. गुठळीचा धोका तर पुढे तीन-चार आठवडे असतो, टाके वाळले म्हणून संपत नाही.

निघताना डिस्चार्ज कार्डवर एवढं लिहूनच घ्या : किती वाजता ऑपरेशन झालं, कोणकोणत्या भागाचं, लिग्नोकेन एकूण किती मिलिग्रॅम, पाणी किती भरलं, किती निघालं. त्याचा फोटो मिस्टरांच्या मोबाइलमध्ये. मध्यरात्री सांगलीच्या सिव्हिलमध्ये किंवा मिरजेत कुठे न्यायची वेळ आली, तर ड्यूटीवरच्या डॉक्टरला या पाच ओळींनी जे कळेल ते तासभर तपासून कळणार नाही. पुण्यातच करायचं ठरलं, तर बहिणीकडे खरोखरच राहा, निदान चार दिवस, इस्पितळापासून अर्ध्या तासाच्या आत. पण तुम्हाला मिरज घरापासून तासाभरावर आहे. ओळखीचं कुणी बघेल म्हणून दोनशे किलोमीटर लांब जाणं, आणि काही बिघडलं तर तो सर्जन दोनशे किलोमीटर लांब असणं, यातलं काय जड आहे ते तुम्हीच तोला.

लग्नाचं सांगायचं तर या लग्नात त्याचा उपयोग नाही. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. सहा आठवड्यांनी तुम्ही आवळपट्टा घालूनच मांडवात बसाल, तेही आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हात, घामानं पाणी कमी होत असताना. हळदीच्या दिवसापासूनची उठबस, रात्रीची जागरणं, त्यात हे नको. सेंटरला फोन करून तारीख रद्द करा आणि ॲडव्हान्स परत मागा. परत दिला नाही तर दहा हजार गेले असं समजा, पण ते गेले म्हणून जाऊ नका.

या आठवड्यात सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड करून घ्या, आणि मिस्टरांना बरोबर घेऊन जवळच्या एखाद्या प्लास्टिक सर्जनला नुसतं दाखवून या. रिपोर्ट आले की मला परत लिहा. हर्निया निघाला तर आधी त्याचं बघावं लागेल, आणि स्नायू फाकलेले असतील तर फिजिओथेरपिस्टकडे तीन महिने जाऊन काय फरक पडतो ते बघून मग पुढचं ठरवू.